लेखक ते इतिहासकार: करमझिनचं प्रदर्शन कसं उभारावं

रशियन लेखक आणि इतिहासकार निकोलाय करमझिनवर प्रदर्शन करायचं ठरलं की पहिला मोह होतो तो टेबल, दौत आणि मेणबत्तीचा. कोपऱ्यात लिहिण्याचं टेबल, त्यावर पिसाची लेखणी, मागे पोर्ट्रेट. हा मोह टाळा. तसं दालन कुणाही लेखकाचं असू शकतं. करमझिनच्या बाबतीत दाखवायची गोष्ट वेगळी आहे. वाचकांना रडवणाऱ्या कथा लिहिणारा, मासिकं चालवणारा हा माणूस वयाच्या ३६ व्या वर्षी झारचा अधिकृत इतिहासकार झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे साडेबावीस वर्षं, एकाच ग्रंथावर बसून राहिला. त्याचा मेहुणा, कवी प्रिन्स व्याझेम्स्की याने याला इतिहासाची दीक्षा घेणं म्हटलं होतं, साधू संन्यास घेतो तशी. ही दीक्षा वस्तूंतून दिसली पाहिजे, आणि ती सगळ्यात स्पष्ट दिसते ‘रशियन राज्याचा इतिहास’ या ग्रंथाच्या टिपांमध्ये. बाराही खंड मिळून साडेसहा हजारांच्या आसपास टिपा आहेत. प्रदर्शनाचा कणा म्हणून त्या धरा, बाकीचं त्यांच्याभोवती बसवा.

दालनं किती, कुठली

चार पुरेत: कथाकार, नेमणुकीचं फर्मान आणि ओस्ताफ्येवो (व्याझेम्स्कींचा वाडा, जिथे तो लिहीत बसे), छापखाना, शेवटचं पान. प्रत्येकात दहा-बारा अस्सल वस्तूंपेक्षा जास्त नकोत. हे सगळं प्रदर्शन कागदाचं आहे आणि कागद वाचायला वेळ लागतो. तीस पत्रं ओळीने मांडली तर पाहुणा पहिली चार वाचतो आणि उरलेल्यांवरून नजर फिरवत पुढे जातो.

कालरेषा एकच ठेवा, दाराशी, आठ नोंदींची: १७६६ जन्म, १७८९–९० युरोपचा प्रवास (कोनिग्जबर्गमध्ये तत्त्वज्ञ कांटची भेट याच प्रवासातली), १७९२ ‘गरीब लिझा’ ही कथा, १८०२ ‘वेस्तनिक येव्रोपी’ मासिकाची सुरुवात, १८०३ इतिहासकार म्हणून नेमणूक, वर्षाला २,००० रूबल, १८१२ मॉस्कोची आग, १८१८ पहिले आठ खंड विक्रीला, १८२६ मृत्यू. नववा खंड १८२१ चा, दहावा-अकरावा १८२४ चा, बारावा मरणोत्तर १८२९ चा. ही वर्षं त्या त्या काचपेटीपाशी द्या, कालरेषेत कोंबू नका.

पहिल्या दालनात लिझाचं कुठलं पान उघडायचं

सवयीने सगळे ‘गरीब लिझा’ उघडतात ती तिने तळ्यात जीव दिल्याच्या पानावर. त्याऐवजी सुरुवात उघडा. कथेचा निवेदक सिमोनोव्ह मठापाशी उभा राहून मॉस्कोकडे पाहतो, आणि लिझाची गोष्ट सुरू होण्याआधीच त्याच्या डोळ्यांपुढे मठाचे पडके भाग, तिथले जुने साधू आणि तातार-लिथुआनियन हल्ल्यांचे दिवस येतात. इतिहासकार या कथाकारात ११ वर्षं आधीच बसलेला होता, हे त्या पानावरून कळतं. त्यासाठी वेगळं पॅनेल लागत नाही.

दोन पुस्तकं, एकच शहर

पूर्ण प्रदर्शनातली सगळ्यात महत्त्वाची मांडणी ही. तिला जागा, वेळ आणि चांगला प्रकाश द्या.

नेमणुकीच्या वर्षीच, १८०३ मध्ये, करमझिनने ‘वेस्तनिक येव्रोपी’मध्ये ‘मार्फा पोसाद्नित्सा’ ही कथा छापली. विषय: मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने नोव्गोरोद शहर जिंकून घेतलं ती घटना; मार्फा ही त्याला विरोध करणारी तिथली पुढारी. प्रस्तावनेत तो सांगतो की योगायोगाने एक जुनं हस्तलिखित आपल्या हाती लागलं आणि तेच आपण छापतो आहोत. असं हस्तलिखित अर्थातच नव्हतं. ही कथाकाराची जुनी युक्ती. कथेच्या शेवटी मार्फाला वधस्तंभावर नेतात. पुढे हीच घटना ‘इतिहासा’च्या सहाव्या खंडात येते. तिथे मार्फाचा शिरच्छेद होत नाही. तिला कैद करून मॉस्कोला नेतात. आणि तिथल्या टिपांमध्ये खरी हस्तलिखितं आहेत.

मांडणी अशी करा. एकाच टेबल-काचपेटीत तीन उघडी पुस्तकं: डावीकडे मासिकाचा अंक प्रस्तावनेच्या पानावर, मधे सहावा खंड मार्फाच्या कैदेच्या पानावर, उजवीकडे सहावा खंड त्याच मजकुराच्या टिपेवर. इथे एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते: टिपा त्याच खंडाच्या शेवटी, स्वतंत्र पृष्ठांकनाने छापलेल्या आहेत. एक प्रत एका वेळी एकाच ठिकाणी उघडता येते, म्हणजे सहाव्या खंडाच्या दोन प्रती हव्यात. विनंतीपत्र लिहितानाच दोन मागा. दुसरी नाहीच मिळाली तर टिपेच्या पानाची त्याच मापाची प्रतिकृती ठेवा आणि पाटीवर ‘प्रतिकृती’ असं स्पष्ट लिहा. प्रतिकृती मॅट, किंचित पिवळसर कागदावर छापा. मूळ पानाचे डाग छापायचे असतील तर कोऱ्या कागदावर छापा. चहाने रंगवलेल्या कागदावर डाग छापले की नाटकातली सनद वाटते.

तिन्ही पुस्तकांचा उतार सारखा हवा, २० ते २५ अंश. दोन पुस्तकांमध्ये वीतभर मोकळी जागा सोडा. मजकुरातला टिपेचा छोटा आकडा आणि टिपेच्या सुरुवातीचा आकडा यांच्याकडे लक्ष वेधायचं तर पानावर बाण, चिकट कागद, पारदर्शक रंगीत पट्टी यांपैकी काही ठेवू नका. पुस्तकाखालच्या पाटीवर पानाचं लहान चित्र छापा आणि त्या चित्रात आकड्याभोवती वर्तुळ काढा. तिथेच तीन-चार ओळींचा अनुवाद द्या. ज्याला रशियन येत नाही त्यालाही मधल्या पुस्तकातून उजव्या पुस्तकाकडे जाता आलं पाहिजे.

रिकामी काचपेटी

त्रोइत्स्काया इतिवृत्त हे १५ व्या शतकाच्या सुरुवातीचं चर्मपत्रावरचं हस्तलिखित १८१२ च्या आगीत जळालं. करमझिनने ते आधी वाचलं होतं आणि टिपांमध्ये त्यातले उतारेच्या उतारे घेतले होते. आज त्या इतिवृत्ताचं जे काही आपल्याला ठाऊक आहे त्याचा मोठा भाग या टिपांमधून आलेला आहे. इतिहासकार प्रिसेल्कोव्हने त्यावरूनच त्याची पुनर्रचना केली, ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. मॉस्कोतलं करमझिनचं स्वतःचं ग्रंथालयही त्याच आगीत गेलं. (मराठी पाटीवर या रशियन ग्रंथप्रकाराला बखर म्हणू नका. बखर गोष्ट सांगते. हे ग्रंथ वर्षावर्षाच्या नोंदी करतात. इतिवृत्त हाच शब्द बरा.)

हे दाखवायला रिकामी काचपेटी वापरा: आत पुस्तकाच्या मापाचा रिकामा आधार, शेजारी पाचवा खंड टिपांच्या पानावर उघडलेला. रिकाम्या पेटीचा धोका एकच, लोकांना वाटतं वस्तू दुरुस्तीला गेली आहे. म्हणून आधारावर नेहमीसारखाच प्रकाश सोडा, आणि पाटीचं पहिलं वाक्य ‘हे हस्तलिखित १८१२ मध्ये जळालं’ असंच ठेवा. काव्यमय मथळा दिलात की घोटाळा झालाच.

इपात्येव्ह इतिवृत्त करमझिननेच १८०९ मध्ये उजेडात आणलं आणि ते सुदैवाने टिकलं; सेंट पीटर्सबर्गला विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आहे. एवढ्या मोलाचं हस्तलिखित मागण्यात वेळ घालवू नका. एका पानाची चांगली प्रतिकृती रिकाम्या पेटीसमोरच्या भिंतीवर लावा.

प्रकाश, हवा, पुस्तकाचा आधार

कागद, शाई आणि रंगीत कोरीव चित्रांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाचं माप) जास्त प्रकाश नको. अतिनील किरणांचं प्रमाण दर ल्युमेनला ७५ मायक्रोवॅटच्या आत ठेवा. चांगल्या एलईडीत ते सहज याहून कमी असतं. नुसते लक्स पाहून भागत नाही, एकूण मात्रा मोजा: ५० लक्स × ८ तास × आठवड्याचे ६ दिवस × १३ आठवडे म्हणजे ३१,२०० लक्स-तास. पत्रांसाठी तीन महिन्यांची एवढी मात्रा बस झाली. प्रदर्शन सहा महिन्यांचं असेल तर अर्ध्यात पत्र बदला किंवा पान उलटा, आणि हे वस्तू उसन्या घेण्याच्या करारात आधीच लिहून घ्या.

५० लक्स कमी वाटतात, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या रात्री कुणीतरी दिवे वाढवतो. हे थांबवायचा उपाय म्हणजे डोळ्यांना सवय करून देणारी जागा: प्रवेश आणि पहिलं दालन यांच्यामध्ये चार-पाच मीटरचा मंद बोळ. तैलचित्रं २०० लक्स सहन करतात, पण ओर्तोलानीचं १८०५ चं किंवा त्रोपिनिनचं १८१८ चं पोर्ट्रेट (हे त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे) २०० लक्समध्ये टांगून शेजारी पत्र ठेवलंत तर पत्र काळोखात गेल्यासारखं दिसतं. पोर्ट्रेट वेगळ्या भिंतीवर घ्या किंवा त्याचा प्रकाश शंभरापर्यंत उतरवा.

तापमान १८ ते २२ अंश, सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. चोवीस तासांत आर्द्रता पाच टक्क्यांहून जास्त हलू नये. रशियन हिवाळ्यात घोळ होतो तो इथे: बाहेरची हवा थंड, आतली तापव्यवस्था जोरात, आणि खोलीतली आर्द्रता ३० च्या खाली. चामड्याची बांधणी आखडते, पुठ्ठे वाकतात, चर्मपत्र तर आधीच वळायला लागतं. हिवाळ्यात आलेली पेटी उघडायची घाई करू नका. ती प्रदर्शनाच्याच हवेत बंद अवस्थेत पूर्ण २४ तास ठेवा. लगेच उघडली तर थंड कागदावर आणि पुठ्ठ्यावर दव साचतं.

काचपेटीतली हवा स्थिर ठेवायला ५० टक्के आर्द्रतेवर आणलेली साधी सिलिका जेल (ओलावा शोषणारे आणि सोडणारे दाणे) वापरा, घनमीटरला २० किलो. १२० × ६० × ३० सेंटिमीटरच्या पेटीत सव्वाचार किलोच्या आसपास लागते. ती वस्तूखालच्या कप्प्यात पसरट ट्रेमध्ये ठेवा आणि वरच्या फळीला कडेने फट सोडा. फट नसेल तर जेल आपल्या जागी आणि हवा आपल्या जागी.

पेटीच्या आत एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) आणि ताजा रंग नको. एमडीएफमधून फॉर्माल्डिहाइड आणि आम्लाच्या वाफा निघतात, बंद पेटीत त्या साठतात. वापरावंच लागलं तर वाफा अडवणारी फिल्म लावून सील करा आणि रंगकामानंतर पेटी तीन-चार आठवडे उघडी ठेवून वास जाऊ द्या. वेळापत्रकात पहिला बळी याच आठवड्यांचा जातो, म्हणून रंगाची तारीख सगळ्यात आधी पक्की करा.

आता आधार, म्हणजे क्रेडल. तयार मापाचे घेऊ नका. प्रत्येक पुस्तक ठरलेल्या पानावर उघडून मोजा. मापं पाच: डाव्या आणि उजव्या गठ्ठ्याची जाडी, कण्याची रुंदी, पानाची उंची आणि पुस्तक जोर न लावता जेवढं उघडतं तो कोन. करमझिनचे जुन्या चामडी बांधणीतले खंड बहुधा १०० ते ११० अंशांवर थांबतात. १८० वर सपाट करायचा हट्ट धरला की कण्याला भेग गेलीच. पान धरून ठेवायला दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी पानावरून घ्या आणि आधाराच्या मागे तिची टोकं एकमेकांना चिकटवा. चिकटपट्टी पुस्तकाला कुठेही लागता कामा नये. पट्टीखाली कागदाचा कपटा सरकला पाहिजे इतकी ती सैल हवी. ताणून बसवली की तीन महिन्यांत पानाच्या कडेला खाच पडते, आणि ती निघत नाही.

सुटी पत्रं आम्लमुक्त माउंटवर जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने लावा किंवा कोपऱ्यांत पॉलिएस्टरचे खिसे द्या. काच पत्राला टेकू देऊ नका. पुस्तकं हाताळताना सुती हातमोज्यांपेक्षा धुऊन कोरडे केलेले हात बरे. सुती मोज्यात पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. मांडणीच्या खोलीत फक्त पेन्सिल.

पाट्या आणि त्यातले सापळे

दालनाचं पॅनेल १२० शब्दांपर्यंत, वस्तूची पाटी ५० पर्यंत. भिंतीवरच्या चित्रांचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर, टेबल-पेटीची कड ८५ वर आणि खाली गुडघ्यांना जागा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही टिपेचा आकडा दिसतो. ५० लक्सच्या दालनात पाटीची अक्षरं २० पॉइंटहून लहान नकोत, आणि देवनागरी असेल तर आणखी दोन पॉइंट वाढवून ओळींतलं अंतर सैल ठेवा; वेलांट्या आणि रफार मंद प्रकाशात एकमेकांत मिसळतात.

तारखांची पद्धत एकदाच ठरवा. त्या काळी रशियात जुनं कॅलेंडर होतं. नव्या पद्धतीत नेताना १८ व्या शतकातल्या तारखेत ११ दिवस मिळवायचे, १९ व्या शतकातल्या तारखेत १२. जन्म १ डिसेंबर १७६६ म्हणजे नवीन १२ डिसेंबर. नेमणुकीचं फर्मान ३१ ऑक्टोबर १८०३ म्हणजे १२ नोव्हेंबर. मृत्यू २२ मे १८२६ म्हणजे ३ जून. पत्रांवर जुनी तारीख हस्ताक्षरात दिसतच असते, तेव्हा पाटीवर जुनी आधी आणि नवी पुढे लिहा. दोन्ही पद्धती न सांगता मिसळल्या की उत्तर प्रश्नाच्या आधी पोचलेलं दिसतं, आणि तक्रारवहीत पहिली नोंद त्याचीच होते.

पहिल्या खंडाच्या शीर्षकपृष्ठावर १८१६ छापलेलं आहे, विक्रीला मात्र आठ खंड एकदम १८१८ च्या सुरुवातीला आले. ३,००० प्रती महिन्याच्या आत संपल्या. पाटीवर ‘छपाई १८१६ पासून, विक्री १८१८’ असं दोन्ही द्या. छपाईसाठी झार अलेक्झांडर पहिल्याने ६०,००० रूबल दिले, ते छापखान्याच्या दालनात सांगा, फर्मानाच्या नाही. पाटीवर २,००० चा वार्षिक पगार आणि हे ६०,००० शेजारी आले की लोक त्यांची बेरीज करतात.

‘यो’ (ё) या रशियन अक्षराचा शोध करमझिनने लावला, असं प्रत्येक दुसरा पाहुणा सांगेल. उल्यानोव्स्कमध्ये, म्हणजे जुन्या सिम्बिर्स्कमध्ये, या अक्षराचं स्मारकही आहे. पण छापील पुस्तकात ते १७९५ मध्ये, कवी द्मित्रिएव्हच्या पुस्तकात, आधीच आलं होतं. करमझिनच्या १७९६ च्या ‘आओनिदी’ संग्रहामुळे ते माहीत झालं. तेवढंच लिहा. रशियात काय चाललंय या प्रश्नाला ‘चोरतात’ असं एका शब्दात उत्तर त्याच्या नावावर खपतं. चहाच्या कपांवरही छापतात. त्याच्या लिखाणात ते नाही. भिंतीवर चढवू नका, दुकानातही नको.

कर्जाऊ वस्तू

विनंतीपत्र उद्घाटनाच्या किमान वर्षभर आधी जावं. व्याझेम्स्की घराण्याचा ओस्ताफ्येवो संग्रह मॉस्कोच्या साहित्य आणि कला अभिलेखागारात आहे. करमझिन त्या घरचा जावई आणि तिथल्याच वाड्यात तो वर्षानुवर्षं लिहीत बसला, तेव्हा पहिली यादी तिथली करा. पत्रासोबत दालनाची माहिती पाठवा: गेल्या बारा महिन्यांच्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी, पेट्यांची कुलपं, अग्निशमन कुठल्या प्रकारचं, रात्रीचा पहारा. नोंदी नसतील तर आजच मापक लावा. वर्षभराचा आलेख मागाहून तयार करता येत नाही. विमा खिळ्यापासून खिळ्यापर्यंत, म्हणजे वस्तू मालकाच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे टांगेपर्यंतचा.

अवस्था-अहवाल वस्तू आल्यावर आणि जाताना, दोन्ही वेळा, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर भरा. ‘किरकोळ डाग’ असं लिहू नका. ‘उजव्या खालच्या कोपऱ्यात ४ मिलिमीटरचा तपकिरी डाग, कडेपासून १२ मिलिमीटर’ असं लिहा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

शेवटचं दालन

इथे एकच वस्तू ठेवा: बारावा खंड. करमझिनचं लिखाण १६११ पाशी, लादोगा सरोवराजवळच्या किल्ल्याबद्दलच्या एका छोट्या वाक्याशी थांबतं: ओरेशेक शरण जात नव्हता. अनुवादात ‘शरण गेला नाही’ असं करू नका. मूळ क्रियापद अपूर्ण आहे, वेढा अजून चालू आहे. पाटीवर मूळ ओळ, अनुवाद, मृत्यूची तारीख आणि छपाईचं वर्ष, एवढंच.

क्रेडल मोजताना इथे गफलत होते. शेवटची ओळ म्हटल्यावर पुस्तक शेवटाशी उघडेल असं धरून उजवी बाजू पातळ कापतात. पण मजकुरामागे टिपा आहेत, आणि पुस्तक मधल्यासारखंच उघडतं. उजवीकडे पानांचा चांगला जाड गठ्ठा उरतो. पेटी दाराच्या काटकोनात ठेवा, म्हणजे आत येणाऱ्याला आधी पुस्तकाची कड दिसते: डावीकडचा गठ्ठा, मधली घडी, आणि ओळ संपल्यानंतरचा उजवीकडचा गठ्ठा. दिवा वरून सरळ सोडलात तर घडीत सावली पडून शेवटची ओळच झाकली जाते. तो डावीकडून, ३० अंशांच्या कोनात घ्या.